लिफ्ट मेंटेनन्स सर्व्हिसचा रिव्ह्यू : लिफ्ट चार दिवस बंद ठेवणाऱ्या माणसाला माझ्याकडून पाच स्टार

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव टाकलं तर हा रिव्ह्यू कोणाबद्दल आहे ते त्यांच्या ऑफिसात पाच मिनिटांत कळेल आणि ज्या माणसासाठी मी हे लिहायला बसलेय त्यालाच पुन्हा त्रास होईल, आधीच बराच झालाय. पण लिफ्टची मेंटेनन्स कुठलीही कंपनी करत असली तरी यातलं बरंच सगळ्यांना लागू पडेल म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर चालवून घ्या.

आधी नेहमीचं सांगते. आमच्या बिल्डिंगला एकच लिफ्ट, सात मजले, आणि ही कंपनी गेली नऊ वर्षं आमच्याकडे आहे. दर महिन्याला सर्व्हिसिंगला माणूस येतो, येतो म्हणजे खरंच येतो, नुसती सही ठोकून जात नाही. ब्रेकडाऊनचा फोन केला की साधारण दोन तासांत कोणीतरी पोचतं, कोणी आत अडकलं असेल तर त्याहून लवकर. फोनवर बोलणारी मंडळी नीट बोलतात. रोप बदलायचा होता तेव्हा आधी तीन महिने सांगून ठेवलं होतं, ऐनवेळी घाबरवून पैसे काढायचा प्रकार नाही. कमतरता एकच आणि ती मोठी आहे, स्पेअर पार्ट वेळेवर मिळत नाहीत. आमचं मॉडेल जुनं आहे हे मान्य, पण मग जे भाग झिजतात ते आधीच आणून ठेवायला काय हरकत आहे? हे आम्ही दोनदा लिहून दिलं होतं. त्याचं काही झालं नाही आणि पुढची सगळी गोष्ट त्यातूनच घडली.

आमच्याकडे येणारे टेक्निशियन पन्नाशीच्या पुढचे आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. कमी बोलणारे. आले की चपला मशीन रूमच्या बाहेर काढतात, का ते मी कधी विचारलं नाही. या कंपनीत ते पंचवीस वर्षं आहेत आणि त्यांच्या साहेबांनीच त्यांना हेल्पर म्हणून घेतलं होतं, काम शिकवलं, अडीअडचणीला उभे राहिले, असं त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितलं होतं. साहेबांचा विषय निघाला की आवाज बदलायचा त्यांचा. तेव्हा मी त्याकडे एवढं लक्ष दिलं नव्हतं, आता वाटतं की त्यांना नाही म्हणताना काय पडलं असेल ते समजायला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

झालं असं, त्या आठवड्यात लिफ्ट मध्येच थांबायला लागली. तिसरा मजला सोडला की एक झटका, मग अंधुक लाइट, मग पुन्हा आपली आपण चालू. सोमवारी मी स्वतः दहा मिनिटं आत अडकले. (कोणी अडकलंत तर आत शांत उभे राहा, दार ओढून उघडून बाहेर उडी मारायच्या फंदात अजिबात पडू नका, त्यातच जीव जाऊ शकतो, आत हवा येत असते, गुदमरून काही होत नाही.) बुधवारी संध्याकाळी ती तिसऱ्या मजल्यावर थांबली ती थांबलीच.

माझी आई सातव्या मजल्यावर राहते, म्हणजे माझ्याकडेच. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंगळवार गुरुवार शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. तिला धरून चार पावलं चालवता येतं, सव्वाशे पायऱ्या उतरवता येत नाहीत. डायलिसिस चुकवला तर काय होतं हे ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना सांगायला नको, अंगात पाणी साठतं, श्वास लागतो, पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयावर येतं. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी मी काय केलं ते लपवत नाही. कंपनीच्या ऑफिसला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले, उद्या सकाळी सातच्या आत लिफ्ट चालू पाहिजे नाहीतर कॉन्ट्रॅक्ट संपलं समजा, माझ्या आईला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही, असं सगळं. आमच्या कमिटीतल्या आणखी दोघांनीही फोन केले. साहेबांनी पुढे जो हुकूम दिला तो या फोनांनंतर दिला. म्हणजे त्या हुकुमाची सुरुवात माझ्या तोंडून झाली होती.

काका साडेसातला आले. अर्ध्या तासात त्यांना सापडलं, तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक गेलं होतं.

हे लॉक म्हणजे काय ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं म्हणून थोडं सांगते, लिफ्ट वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला वाटतं. प्रत्येक मजल्यावर जे बाहेरचं दार असतं त्याला आतून वरच्या बाजूला एक हुक असतो, लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तेव्हा तो दार पकडून ठेवतो म्हणजे बाहेरून कोणी ओढलं तरी उघडत नाही. त्या हुकाला जोडून एक छोटा विजेचा कॉन्टॅक्ट असतो, हुक पूर्ण बसला तरच तो जुळतो. असे सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकामागे एक, माळेसारखे, एकाच लाइनीत ओवलेले असतात, त्यातच लिफ्टच्या आतल्या दाराचा, वेग जास्त वाढला तर लिफ्ट थांबवणाऱ्या गव्हर्नरचा, खाली पिटमधल्या, म्हणजे तळाच्या खड्ड्यातल्या, स्टॉप बटणाचा. याला ते सेफ्टी सर्किट म्हणतात. माळेतला एक मणी सुटला की सगळा करंट तुटतो, मोटर बंद पडते आणि ब्रेक लागतो. ब्रेकचंही उलटं गणित आहे, आपल्याला वाटतं वीज दिली की ब्रेक लागत असेल, तर नाही, वीज असेपर्यंत तो उघडा राहतो आणि वीज गेली की स्प्रिंगने घट्ट बसतो. म्हणजे काहीही बिघडलं, कशाचीही शंका आली, की लिफ्ट जागच्या जागी उभी. एलिशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर उंच प्लॅटफॉर्मवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला होता, दोर तुटल्याबरोबर दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटली आणि बाजूच्या दात्यांत अडकून प्लॅटफॉर्म तिथेच थांबला. त्याच्या आधीही सामान वर चढवायच्या लिफ्टा होत्या, पण माणसं त्यात विश्वासाने बसायला लागली ती या थांबण्यामुळे.

तर तिसऱ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट झिजला होता, धक्का बसला की सुटायचा, म्हणून लिफ्ट मध्येच थांबायची. नवीन लॉकचा सेट लागणार होता आणि तो स्टोअरमध्ये नव्हता, मागवायला तीन-चार दिवस.

काकांनी तिसऱ्या मजल्यावरूनच साहेबांना फोन लावला. हातात ग्रीस होतं म्हणून स्पीकरवर. मी तिथेच जिन्यात उभी होते, त्यांना माहीत होतं, साहेबांना माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, "जम्पर मार आणि चालू करून दे, पार्ट आला की काढून टाकू, दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

जम्पर म्हणजे वायरचा एक तुकडा. त्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना लावला की कंट्रोलरला, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या यंत्रणेला, वाटतं तिसऱ्या मजल्याचं दार कायम बंद आहे, लॉक आहे, सगळं ठीक आहे. दार उघडं असलं तरी. एवढासा तुकडा, दोन मिनिटांचं काम, लिफ्ट लगेच चालू. आणि मी खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

काका म्हणाले, "नाही साहेब, हुकपण झिजलाय. मी दार ओढून बघितलं, चार बोटं सरकतंय. आणखी जोर लावला तर उघडेल."

"अरे कोण कशाला जोर लावतंय? एक बोर्ड लाव तिसऱ्यावर."

"इथे लहान पोर आहे साहेब. दारासमोरच सायकल खेळतं. त्याला बोर्ड वाचता येत नाही."

मग साहेबांनी माझं नाव घेतलं. नाव म्हणजे सातव्या मजल्यावरच्या बाई, त्यांच्या आईचं डायलिसिस आहे, त्यांना काही झालं तर तू जबाबदारी घेणार आहेस का? हे ऐकून माझे हातपाय गार पडले. माझी आई, माझी काळजी, माझाच फोन, आणि ते सगळं आता त्या माणसाच्या डोक्यावर आपटत होतं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं आता हो म्हणतील. मग म्हणाले, "साहेब, आजवर तुमचा शब्द खाली पडू दिलेला नाही. रात्री दोनला बोलवा येतो, सुट्टीला बोलवा येतो. हे मी नाही करणार."

"मी सांगतोय ना, जबाबदारी माझी."

"सही माझी असते साहेब."

एवढंच झालं. आवाज चढला नाही, फोन आपटला नाही. उलट शेवटी "ठेवू का साहेब?" असं विचारून मग ठेवला. मी आत्तापर्यंत असं समजत होते की वरच्याला नाही म्हणणारा माणूस म्हणजे तापट, भांडकुदळ, नोकरीची पर्वा नसलेला. काकांना पर्वा होती. हात थरथरत होते त्यांचे, ग्रीसचा फडका दोनदा खाली पडला.

नंतर त्यांनी मेन स्विच बंद केला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं, लिफ्ट बंद असल्याची पाटी लावली आणि मशीन रूममधल्या लॉगबुकात लिहिलं, मी फोटो काढून ठेवलाय : "३ रा मजला डोअर लॉक व कॉन्टॅक्ट खराब. लिफ्ट बंद ठेवली आहे. जम्पर लावून पॅसेंजरसाठी चालू करू नये." खाली तारीख, वेळ आणि सही.

मी तेव्हाही त्यांच्याशी भांडले. म्हटलं काका, तीन दिवसांचंच तर आहे, आम्ही तिसऱ्यावर कोणालातरी उभं करतो, पाळीपाळीने. त्यांनी मला तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी नेलं, दाराला तळहात लावला आणि बाजूला ढकललं. दार सरकलं. फार नाही, फट पडली एवढी. त्या फटीतून खालचा शाफ्ट दिसला, काळा, आणि गार हवेचा झोत आला. ते काहीच बोलले नाहीत. मीही मग काही बोलले नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, खाली तळमजल्यावर कोणाकडे आजींची दोन-चार दिवस सोय होईल का? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी फक्त लिफ्ट चालू झालीच पाहिजे यावर अडून बसले होते. तळमजल्यावरच्या वहिनींनी एका मिनिटात खोली रिकामी करून दिली. गुरुवारी पहाटे आम्ही चौघांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं, पुढच्या डाव्या पायाला काका होते, सांगितलं नव्हतं, आपले आपण आले होते. आई चार दिवस खालीच राहिली, गुरुवार शनिवार दोन्ही डायलिसिस वेळेवर झाले. म्हणजे ज्या कारणासाठी जम्पर मारायचा होता ते कारण खुर्ची आणि एका रिकाम्या खोलीने मिटलं.

गुरुवारी दुपारी कंपनीने दुसरा माणूस पाठवला, तरुण मुलगा, पंचविशीचा असेल. कशासाठी पाठवला ते सांगायला नकोच. तो वर गेला, लॉगबुक वाचलं, बराच वेळ वरच बसला, मग काकांना फोन केला. काय बोलले माहीत नाही. खाली येऊन मला म्हणाला, "मॅडम, काकांनी लिहून ठेवलंय, आता मी कसं करू?" आणि गेला. ते चार ओळींचं लिहून ठेवणं त्या मुलाच्या किती कामाला आलं बघा. नुसतं तोंडी नाही म्हणून काका निघून गेले असते तर तो एकटा पडला असता, नवीन नोकरी, वर साहेब, खाली आम्ही ओरडणारे लोक.

सही माझी असते, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. नंतरच्या आठवड्यात मी बरंच वाचत बसले आणि त्यात ॲलन मॅकडोनाल्ड या इंजिनीयरची हकीकत सापडली. नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाला वर ढकलणारे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीत ते बूस्टर प्रकल्पाचे प्रमुख होते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या रात्री, कंपनीचे इंजिनीयर सांगत होते की थंडीत सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंग कडक होतात, १२ डिग्रीच्या खाली उडवू नका. नासाकडून दबाव आला, कंपनीच्या वरच्या लोकांनी वेगळी बैठक घेतली आणि मत फिरवलं. उड्डाणाला हरकत नाही या कागदावर सही करायची होती मॅकडोनाल्डना, ते तेव्हा उड्डाणाच्या जागी फ्लोरिडात होते. त्यांनी केली नाही. मग त्यांच्या साहेबांनी यूटाहून सही करून फॅक्स पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी २ डिग्रीच्या आसपास तापमान असताना यान उडालं आणि ७३ सेकंदांत संपलं, आतले सातही जण गेले.

मला त्यातला पुढचा भाग जास्त लागला. मॅकडोनाल्डनी चौकशी आयोगासमोर सगळं खरं सांगितलं, त्याबद्दल कंपनीने त्यांना खालच्या जागेवर टाकलं, अमेरिकन संसदेतून आवाज उठल्यावर परत वर घेतलं, आणि मग त्याच माणसाने तेच बूस्टरचे सांधे नव्याने डिझाइन करायच्या कामाचं नेतृत्व केलं. सप्टेंबर १९८८ मध्ये अवकाशयानं पुन्हा उडायला लागली ती त्या कामानंतर. सही नाकारणारा माणूस कंपनीचा शत्रू नव्हता, बाहेर जाऊन दगड मारत बसला नाही, त्याच कंपनीत राहून तोच सांधा दुरुस्त केला.

एक यान आणि एक सात मजल्यांची लिफ्ट यांची तुलना नको करायला हे कळतं मला. पण रचना तीच आहे. वरचा म्हणतो जबाबदारी माझी, आणि ही जबाबदारी हवेत असते, कुठे लिहिलेली नसते, काही घडलं की कागद काढतात आणि खालच्याची सही बघतात. आणि मला विचाराल तर सहीचासुद्धा प्रश्न नाही, कायद्याच्या भीतीने काका थांबले असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी पहिल्यांदा पोराचं नाव घेतलं, सहीचं नंतर, तेही साहेबांनी जबाबदारीचं काढलं म्हणून.

मी त्या सेफ्टी सर्किटबद्दल विचार करत राहते. माळेतला प्रत्येक कॉन्टॅक्ट लिफ्ट चालावी म्हणूनच तिथे बसवलेला असतो, रोज शेकडो वेळा जुळतो, कधी कुरकुर नाही, म्हणून तर लिफ्ट चालते. पण दार नीट लागलेलं नसेल तर त्याने सुटायचं असतं. तेच त्याचं काम. काका पंचवीस वर्षं त्या कंपनीत तसेच जुळून राहिले होते आणि एका संध्याकाळी सुटले. साहेबांना कॉन्टॅक्टवर जम्पर हवा होता, ते जमलं नाही तेव्हा दुसरा माणूस पाठवून त्यांनी काकांवरच जम्पर मारायचा प्रयत्न केला.

तांत्रिक माहिती असलेल्या एका ओळखीच्यांना मी मुद्दाम विचारलं की जम्पर कधीच लावत नाहीत का? तर लावतात, दोष शोधताना, पण तेव्हा लिफ्टमध्ये पॅसेंजर नसतो, लिफ्ट मेंटेनन्स मोडवर हळू वेगाने चालवतात, बाहेरची बटणं बंद असतात आणि काम संपलं की काढलाय की नाही ते तपासतात. नव्या कंट्रोलरमध्ये तर बायपासची, म्हणजे कॉन्टॅक्ट वगळून चालवायची, वेगळी सोयच असते, ती चालू केली की नेहमीचे कॉल घेणं आपोआप बंद होतं. थोडक्यात, दुरुस्तीच्या कामाची वस्तू आहे ती, लोकांना त्यातून फिरवायची नाही. "दोन दिवसांसाठी" मारलेले जम्पर महिनोन् महिने तसेच विसरले जातात हेही त्यांनी सांगितलं, आणि मग कधीतरी कोणीतरी फोनमध्ये बघत दार उघडतं आणि लिफ्ट आहे समजून पाय टाकतं.

रविवारी दुपारी पार्ट आला. साहेब स्वतः घेऊन आले, सोबत काका. मी पहिल्यांदाच त्यांना बघितलं, मला वाटलं होतं कोणीतरी मग्रूर माणूस असेल, तर थकलेला, साधा माणूस होता. तिसऱ्या मजल्यावर काकांनी जुनं लॉक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हुकाच्या टोकावरून अंगठा फिरवला, दोनदा. काही बोलले नाहीत. तेवढ्यात ते पोर सायकलवरून आलंच, घंटी वाजवत, आणि साहेबांनी उठून त्याला बाजूला नेऊन त्याच्या आईकडे दिलं. दीड तासात लिफ्ट चालू झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी कंपनीलाही चार स्टार दिले असते. पण पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला काका आलेच नाहीत, वेगळा माणूस आला. विचारलं तर कळलं त्यांना दुसऱ्या भागात टाकलंय, लांबचा भाग, आणि ऑफिसने लेखी खुलासाही मागितलाय की ग्राहकाची सेवा चार दिवस बंद का ठेवली. ग्राहक म्हणजे आम्ही! आमच्या नावाने! माझा जो संताप झाला तो शब्दांत सांगता येत नाही. त्यांनी नाही म्हणून आमचा जीव वाचवला, निदान एका पोराचा वाचवला असं मी धरते, आणि शिक्षा आमचं नाव पुढे करून.

मग आम्ही जे केलं ते सांगते, कारण असं काही तुमच्याकडे झालं तर उपयोगी पडेल. पहिलं, ज्यांनी ज्यांनी त्या बुधवारी फोन करून आरडाओरडा केला होता त्या सगळ्यांनी, म्हणजे मी धरून तिघांनी, लेखी दिलं की लिफ्ट बंद ठेवायचा निर्णय बरोबर होता, आमची तक्रार आम्ही मागे घेतोय आणि टेक्निशियनचं लेखी कौतुक करतोय. लॉगबुकचा फोटो जोडला. कौतुक तोंडी करू नका, लेखीच करा, त्याच्या फाइलला लागलं पाहिजे. दुसरं, कॉन्ट्रॅक्ट नव्याने करायची वेळ जवळ आली होती, त्यात दोन वाक्यं घालून मागितली : पॅसेंजरसाठी लिफ्ट चालू असताना कुठलाही सेफ्टी कॉन्टॅक्ट बायपास केला जाणार नाही, आणि जागेवरच्या टेक्निशियनने लिफ्ट असुरक्षित म्हणून बंद केली तर ती फक्त दुरुस्ती झाल्यावरच चालू होईल, ऑफिसच्या फोनवरून नाही. तिसरं, डोअर लॉकचा एक सेट कायम आमच्या बिल्डिंगसाठी राखून ठेवायचा. कॉन्ट्रॅक्टमधल्या त्या दोन वाक्यांना कंपनीने घासाघीस न करता मान्यता दिली, आणि खरं सांगायचं तर वाक्यं वाचून साहेबच म्हणाले की हे घाला, मलाही बरं पडेल, ग्राहक ओरडला की दाखवता येईल. त्यांच्यावरही वरून आणि खालून दाब असतोच, ते मी मान्य करते. त्यामुळे तो हुकूम योग्य ठरत नाही, पण असले हुकूम कुठून येतात ते कळतं. चार लोकांनी फोनवर "काहीही करा पण चालू करा" म्हटलं की ते "काहीही" शेवटी एका माणसाच्या हातात स्क्रूड्रायव्हरसकट येऊन पडतं.

काका दोन महिन्यांनी परत आमच्याकडे आले. खुलासा फाइलला तसाच आहे, काढलेला नाही, तो काढावा म्हणून आमचं दुसरं पत्र गेलंय. मी त्यांना विचारलं, साहेबांशी बोलणं आहे का? तर म्हणाले, "आहे की. परवा त्यांच्या घरची लिफ्ट बघायला मलाच बोलावलं."

आता रेटिंग. टेक्निशियन, पाच पैकी पाच, याहून जास्त द्यायची सोय नाही. महिन्याचं सर्व्हिसिंग, साडेचार. फोनवरचं बोलणं, चार. ऑफिसचा त्या आठवड्यातला कारभार, एक, आणि तोही साहेब रविवारी स्वतः पार्ट घेऊन आले म्हणून. कंपनी घ्यावी का असं कोणी मला वैयक्तिक विचारलं तर मी हो सांगते, पण सोबत हेही सांगते की त्यांचा सेल्सवाला भेटला तर त्याला किती तासांत येता ते विचारू नका, तुमचा माणूस लिफ्ट बंद करून गेला तर ऑफिस काय करतं ते विचारा, आणि मागचं लॉगबुक बघायला मागा. ज्या लॉगबुकात नऊ वर्षांत एकदाही "लिफ्ट बंद ठेवली" असं लिहिलेलं नाही त्या लॉगबुकाची मला आता भीती वाटते.

स्पेअर पार्ट, शून्य. लॉकचा राखीव सेट अजून आलेला नाही, चार महिने झाले, आला की हा आकडा बदलेन.